सहा टिकल्यांचं मडकं

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला घरी दोनदा बजावलेलं आहे. म्हणून मी ती फक्त तुम्हाला सांगते. तुम्ही लहान आहात, शहाणी मुलं आहात, आणि मोठी माणसं तुमचं बोलणं फारसं मनावर घेत नाहीत. तेव्हा मांडी घालून बसा. आणि दार जरा लोटून घ्या.

एका जंगलात सहा मडकी होती.

त्या जंगलात झाडं होती, ओढा होता, राजा होता, समित्याही होत्या. पण गोष्ट मडक्यांची आहे. ती मडकी एका सायाळीच्या बिळात ओळीने मांडलेली असत. सायाळ म्हणजे जिच्या अंगभर काटे असतात ती. आपली सायाळ मात्र स्वभावाने भिडस्त होती. काटे असून उपयोग नाही, ते वेळेवर उभे करता आले पाहिजेत.

सायाळीचा नवरा डोंगरापलीकडे मुळं खणायच्या कामावर होता. तो रविवारी सकाळी यायचा, पाठीवरचा आठवड्याचा बाजार उतरवायचा, पिल्लांच्या डोक्यावरून पंजा फिरवायचा आणि दुपारी परत निघायचा. बाजार काही फार नसे. थोडी ज्वारी, थोडी मटकी, मूठभर कुळीथ आणि एक गुळाचा खडा. तेवढ्यात सायाळीने आणि तिच्या तीन पिल्लांनी पुढच्या रविवारपर्यंत जेवायचं.

दुसरी कुणी असती तर बुधवारी कपाळाला हात लावून बसली असती. सायाळ रविवारी दुपारी चूल पेटवायची आणि तेवढ्याच जळणात सगळ्या आठवड्याचं करून ठेवायची.

मग मडक्यांवर चुन्याच्या टिकल्या काढायची. सोमवारच्या मडक्यावर एक टिकली, मंगळवारच्या दोन, अशा शनिवारपर्यंत सहा. लवकर विटणारं आधी, टिकणारं नंतर. सोमवारी मटकीची उसळ. मटकी शिजवलेलं पाणी ती फेकत नसे, त्याचं मंगळवारी सार व्हायचं. बुधवारी धपाटे. गुरुवारी भाजलेल्या कुळथाचं पीठ, ते उकळत्या पाण्यात ढवळलं की झालं पिठलं. शुक्रवारी सांडगे.

आणि शनिवारी दशम्या. गुळाच्या पाण्यात पीठ भिजवून केलेल्या, मऊ, तांबूस. एकूण सात. पिल्लांना दोन-दोन आणि सायाळीला एक.

सगळ्यात धाकट्या पिल्लाचं नाव टोची. टोचीला अजून वार येत नव्हते. टिकल्या मात्र येत होत्या.

“आई, आज कितवी टिकली?” ती रोज उठल्या उठल्या विचारायची.

“तिसरी.”

“म्हणजे सहावीला अजून तीन?”

“तीन.”

मग टोची धपाटा मुकाट्याने खायची. पुढे काहीतरी गोड आहे हे माहीत असलं, की कोरडा घासही घशाखाली उतरतो.

एका बुधवारी वरच्या झाडावरची वानरीणबाई खाली उतरली. वानरीणबाईकडे रविवार-सोमवार मेजवानी असे आणि मंगळवारपासून डोकेदुखी.

“सायाळवहिनी, काही करू नका हं!” ती दारातूनच म्हणाली. “असेल ते चालेल.”

सायाळीला वाटलं, किती साधी बाई ही! वानरीणबाईची नजर मडक्यांवरून केव्हाच फिरून आली होती, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिने धपाट्यांचं मडकं पुढे ओढलं.

“छे छे!” वानरीणबाईने कानांना हात लावले. “आज बुधवार. बुधवारचं मुलांच्या तोंडचं काढून घेऊ का मी? माझ्या जिवाला बरं वाटेल का? मी आपली शुक्रवारचं खाते. शुक्रवारला अजून वेळ आहे.”

आणि ती शुक्रवारचं सगळं खाऊन, तोंड पुसून, वर निघून गेली.

गुरुवारी कोल्हेभावजी आले. ते जंगलाच्या सत्कार समितीचे चिटणीस होते, त्यामुळे त्यांना घरी जेवायची फारशी सवय नव्हती.

“वहिनी, तुमच्याकडे म्हणे आयतं असतं.”

“आयतं नाही हो भावजी. मी केलेलं असतं.”

“तेच ते. जे आपल्याला करावं लागत नाही ते आयतं.” भावजी पाटावर बसलेसुद्धा. “उगाच चूल पेटवू नका माझ्यासाठी. नुसतं पाणी उकळा.”

पाणी उकळायला चूलच लागते. सायाळीने ती पेटवली. भावजींनी पिठलं संपवलं. पिल्लांनी मडकं खरवडून खाल्लं.

शुक्रवारी घरात एकच भरलेलं मडकं उरलं, सहा टिकल्यांचं. सायाळीने ते एक दिवस आधी उघडलं. टोचीला दशम्या मिळाल्या, पण ती खूश झाली नाही. ती पुन्हा पुन्हा टिकल्या मोजत होती.

“आई, उद्या काय मग?”

“उद्या... उद्याचा दिवस लहान असतो.”

शनिवार काही लहान नव्हता. टोचीने रिकाम्या मडक्यात डोकं घालून तळाशी चिकटलेला गूळ चाटला. मडक्यातूनच तिने विचारलं, “आई, पाहुण्यांना टिकल्या मोजता येत नाहीत का गं?”

“येतात,” सायाळ म्हणाली. “आपल्यापेक्षा चांगल्या येतात.”

आता तुम्ही म्हणाल, तिने पुढच्या वेळी सरळ नाही म्हणायचं. मुलांनो, तुम्ही अजून पाहुण्यांना नाही म्हणून पाहिलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तर कौतुक सुरू झालं. कौतुक फार वेगाने पसरतं. वानरीणबाईने ते फांदीफांदीवरून सांगितलं, कोल्हेभावजींनी समितीत सांगितलं, आणि समितीने ठराव केला, की एवढ्याशा बाजारात आठवडा काढणाऱ्या सायाळीचा जाहीर सत्कार शुक्रवारी दुपारी मोठ्या वडाखाली करावा.

शुक्रवारी सकाळी भावजी निरोप घेऊन आले.

“वहिनी, मंडप झाला, हार झाले, शाल झाली. समितीकडे आता जेवणापुरतं काही शिल्लक नाही. पण म्हटलं, जेवणाची काय चिंता? तुमच्याकडे असतंच.”

“भावजी, दोनच मडकी उरलीत. आजचं आणि उद्याचं.”

“वा! दोन पदार्थ!” भावजी म्हणाले. “आम्ही एकाचीच अपेक्षा धरली होती.”

सत्कार फार थाटाचा झाला. अध्यक्ष होते गवासाहेब. त्यांच्या गळ्यात तीन हार होते आणि सायाळीसाठी एक आणायचा राहून गेला होता. गवासाहेब काटकसरीवर खूप वेळ बोलले. ते म्हणाले, की हल्ली जिकडे तिकडे उधळपट्टी बोकाळली आहे, आणि शब्दसुद्धा जपून वापरले पाहिजेत. त्यानंतर ते आणखी तेवढाच वेळ बोलले.

मग त्यांनी सायाळीच्या खांद्यावर शाल घातली. ती काट्यांत अडकून टरकन फाटली.

“जपायला हवी होती,” गवासाहेब हळूच म्हणाले.

मग त्यांनी तिच्या हातात नारळ दिला.

सायाळीने नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी होतं. टाळ्या वाजत होत्या, पण तिला त्या ऐकू येत नव्हत्या. ती मनातल्या मनात नारळ फोडत होती. पाणी टोचीला. अर्धं खोबरं मुलांना उद्या दशम्यांऐवजी, गुळाच्या उरलेल्या चुऱ्याबरोबर. उरलेल्या अर्ध्याची चटणी, ती पुढचा आठवडाभर पुरेल. करवंटीचा डाव होईल. दोन मडकी गेली तर गेली, शनिवार निघाला.

मंडळी सांडगे आणि दशम्या खाऊन ढेकर देत उठली. सायाळ नारळ पोटाशी धरून घराकडे निघाली. मागून भावजी धावत आले.

“वहिनी, अहो वहिनी! नारळ राहिला ना!”

“राहिला नाही भावजी, घेतलाय मी.”

“तेच म्हणतोय. तो द्या इकडे. पुढच्या सत्काराला लागतो. सतरा सत्कार झालेत त्याच्यावर.”

सायाळीने नारळ दिला. देताना तिचे दोन काटे उभे राहिले, पण भावजी तोवर पाठमोरे झाले होते.

शनिवारी टोचीच्या पोटात दुखायला लागलं. रिकामं पोट दुखतं, पण टोचीला ते कळायचं वय नव्हतं. सायाळीला कळत होतं. तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून तिने फुकट मिळणारी एकमेव गोष्ट आणली. कडुनिंबाचा पाला. तो पाण्यात टाकून तिने चुलीवर ठेवला. काहीतरी शिजतंय एवढं तरी पोरांना वाटेल.

तेवढ्यात दारात वानरीणबाई उभी.

“काही करू नका हं वहिनी! असेल ते...” तिचं नाक हललं. “कसला वास येतोय?”

“काढा आहे. कडुनिंबाचा. देऊ वाटीभर? पोटाला चांगला असतो.”

“नको बाई!” वानरीणबाई तीन पावलं मागे सरली. “मी आत्ताच जेवून आलेय.”

आणि ती गेली.

सायाळ हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली. वानरीणबाई त्या दारात जेवून आलेली आहे, असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाजार आला, चूल पेटली, सहा मडकी भरली. सायाळीने ओल्या फडक्याने सगळ्या टिकल्या पुसून टाकल्या. प्रत्येक मडक्याच्या तोंडाशी कडुनिंबाची एकेक डहाळी खोचली. एक फुटकं मडकं होतं, ते तिने दारात पालथं घालून ठेवलं. आणि पिल्लांना जवळ बसवून सांगितलं, “कुणी विचारलं, तर घरात काढा आहे.”

“सगळ्यांत?” टोची म्हणाली.

“सगळ्यांत.”

त्या आठवड्यात पाहुणे आले. पालथं मडकं पाहिलं, डहाळ्या पाहिल्या, आणि दारातूनच उपदेश करून गेले.

“वहिनी, नियोजन लागतं हो, नियोजन!” कोल्हेभावजी म्हणाले. “एवढा सत्कार केला आम्ही तुमचा. थोडं आधी करून ठेवलं असतं, तर ही वेळ आली असती का?”

शनिवारी सकाळी वडाखाली वानरीणबाईचं शिबिर होतं. विषय होता, थोडक्या बाजारात आठवड्याचा स्वयंपाक. सायाळीला अगदी पुढे बसवलं होतं. सगळ्यांनी तिच्याकडे बघून आपलं असं होऊ द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं होतं.

वानरीणबाईने सहा कोरी करकरीत मडकी मांडली होती. त्यांवर चुन्याच्या टिकल्या होत्या.

“ही माझी स्वतःची पद्धत,” ती म्हणाली. “एक टिकली म्हणजे सोमवार. सोमवारी दशम्या खाव्यात, म्हणजे आठवड्याची सुरुवात गोड होते. आणि शनिवारसाठी मटकीची उसळ भरून ठेवावी.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सायाळीच्या जिभेवर शब्द आले. उसळ सहा दिवस राहिली तर तिला फेस येतो. दशम्या टिकतात, म्हणून त्या शेवटी. आणि ही पद्धत तुमची नाही, माझी आहे. तिने पंजाही वर केला. सगळं जंगल तिच्याकडे बघायला लागलं.

तेव्हा तिला आपल्या बिळातलं सगळ्यात कडेचं मडकं आठवलं. त्याच्याशेजारी बसलेली टोची आठवली. तिने टिकल्या नसतानाही बोटांवर दिवस मोजले होते.

“विचारा वहिनी, लाजू नका,” वानरीणबाई म्हणाली.

सायाळीने पंजा खाली घेतला. “टिकल्या कशाच्या काढायच्या हो?”

सगळे हसले. गवासाहेब तर फार हसले.

“वहिनी,” वानरीणबाई मान हलवत म्हणाली, “तुमचं कठीण आहे बाई.”

सायाळ घरी आली. दार लावून घेतलं. कडेच्या मडक्याची डहाळी काढली. सात दशम्या होत्या, सातच्या सात.

टोचीने पहिला घास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले.

“आई, काढा गोड झालाय!”

“हळू बोल,” सायाळ म्हणाली. आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा ती हसली.

तात्पर्य: उद्याचं आज करून ठेवावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. ते बरोबरच आहे. मात्र करून ठेवल्याचा कुणाला पत्ता लागू देऊ नये. घरात गोड असेल तर कडू आहे म्हणून सांगावं. आपलीच विद्या दुसऱ्याने चुकीची शिकवली, तर पहिल्या रांगेत बसून मान डोलवावी. ज्याला एवढं जमत नसेल, त्याने खुशाल सत्कार घ्यावा आणि शनिवारी उपाशी राहावं.

आमच्या घरी हे सगळं नीट पाळतात. फडताळात तिसऱ्या फळीवर एक काळपट डबा आहे, त्याच्यावर ‘मेथीची पूड, गुडघ्यांसाठी’ अशी चिठ्ठी आहे. आमच्या घरात कुणाचेही गुडघे दुखत नाहीत. आज शनिवार आहे, पण त्या डब्यात काय आहे ते मी तुम्हाला मुळीच सांगणार...

“अगं, बाहेर ये जरा! मामा-मामी आलेत. काही करू नका म्हणतायत!”

आले गं आई! तुम्ही इथेच बसा. फडताळाकडे बघू नका. आणि मामींनी विचारलंच, तर सरळ सांगायचं, की तिसऱ्या फळीवर जो डबा आहे ना, त्यात मेथीची पूड आहे. गुडघ्यांसाठी.