गोळा हातात असल्याशिवाय

पावणेदहाला विश्वनाथअप्पा कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप काढायचे, चपला बाहेर फरशीच्या रेघेला रेघ लावून ठेवायचे, मशीनवरच्या कापडाची चौपदरी घडी करायचे आणि बटण दाबून सावधान उभे राहायचे. मशीन आधी घरघरायचं, मग एकदा टुंग वाजायचं, मग काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या चार-पाच ओळी उमटायच्या. शेवटची ओळ रोमन लिपीत असायची : शरणार्थ अप्पा. ती दिसली की अप्पा छातीला हात लावायचे आणि समोरच्या पानटपरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणायचे, "शरणार्थ! शरणार्थ!"

लिंगायतांच्या घरांत एकमेकांना असा नमस्कार करतात. पण मशीनला नमस्कार करून त्याची खुशाली घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"बसा मॅडम," खुर्ची पुसून ते म्हणायचे, "आज तब्येत बरी हाय त्याची."

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराची ही गोष्ट. सेलूच्या एका कापूस व्यापाऱ्यानं पूर्णेत कॉम्प्युटर क्लास काढला होता. एक खोली, एक मशीन, बावीस विद्यार्थी. शिकवायला आधी एक मास्तर होते, मग मी; देखरेखीला पहिल्यापासून अप्पा. माझे वडील सेलूच्या जिनिंगमध्ये हमाल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.एस्सी. झालेली मी पहिली, आणि वर औरंगाबादला राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली तर आमच्या सगळ्या गल्लीत मी एकटी. हे मी लाजून सांगत नाही. लाजायचं काय त्यात?

विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा मराठवाडा दोन बाजूंना उभा होता. मी कोणत्या बाजूची, ते माझ्या आडनावावरून लोकांना न विचारता कळायचं, आणि ते हमखास आडनाव विचारायचे. अप्पांनी पहिल्या दिवशी विचारलं, "शिक्षण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग खुर्ची तुमची. चावी माझी. फिकर करू नका." आडनाव त्यांना पगाराच्या कागदावर कळलं असेल. तेव्हाही काही बदललं नाही.

अप्पांनी छत्तीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढले होते. रिटायर झाले, पण रेल्वे त्यांच्यातून उतरली नव्हती. एकेरी लाइनीवर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून स्टेशनातून ड्रायव्हरला एक लोखंडी गोळा देतात. सिग्नल पडून वाट मोकळी असली तरी गोळा हातात नसेल तर ड्रायव्हरनं इंजिन हलवायचं नाही. अप्पांनी हा कायदा आमच्या फ्लॉप्यांना लावला. सगळ्या फ्लॉप्या त्यांच्या कपाटात. हवी असली की मागायची, उजव्या हातानं घ्यायची आणि नंबर मोठ्यानं बोलायचा.

"दोन नंबर."

"दोन नंबर दिली."

"दोन नंबर मिळाली."

"टाका. लाइन क्लिअर." आणि लगेच वहीत वेळ.

एकदा एका पोरानं नांदेडहून खिशात घालून आणलेली फ्लॉपी परस्पर मशीनमध्ये सारली. अप्पांना खोलीच्या दारातच वास आला म्हणा. "गोळा हाय का हातात? कुणी दिला गोळा?" मशीन अडकलं होतंच. अप्पांनी कपाटातून लाल झेंडी काढली, पडद्यावर अडकवली आणि ती दुपारपर्यंत उतरवली नाही. "गाडी पडली हाय. कुणी रुळावर यायचं न्हाई."

पोरं त्यांना हसायची. मीही हसायचे. सगळ्यात जास्त हसायचे त्यांच्या घरच्या गोष्टीला. ती त्यांनीच सांगितलेली.

"आमची मंडळी लय ताठ बाई," अप्पा म्हणायचे. "मी ड्युटीला निघालो की ती आतून शरणार्थ म्हणणार, मी इकडून शरणार्थ म्हणणार, मगच उंबरा ओलांडणार. छत्तीस साल. पण भांडण झालं की मुद्दाम म्हणायचीच न्हाई! मी डबा घेऊन उंबऱ्यात उभा. ती आत भांडी वाजवायली. तिकडं मालगाडी आऊटर सिग्नलला उभी, ड्रायव्हर शिट्ट्या मारायलाय, मास्तर माणूस पाठवायलाय. शेवटी म्हणाली. गाडी बावीस मिनिटं लेट. मास्तरनं कारण लिव्हायला सांगितलं."

"मग काय लिहिलंत?"

"लिव्हलं, लाइन क्लिअर मिळाली न्हाई. खोटं हाय का?"

मी येण्याआधीच त्या वारल्या होत्या, एवढं मला माहीत होतं. पडद्यावरच्या त्या ओळीबद्दल मी सुरुवातीलाच विचारलं होतं, "अप्पा, हे कुणी लिहिलंय? काढू का?"

"आसंल कुण्या लेकराचं काम. ऱ्हाऊ द्या. लेकराचं मन मोडू न्हाई."

आणि मग ते पत्र आलं. परीक्षा घेणाऱ्या मंडळानं कळवलं की या खेपेची परीक्षा डॉसच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, पाचव्या आवृत्तीवर होईल, ज्या क्लासकडे ती नाही त्यांचं केंद्र रद्द. आमच्या मशीनमध्ये तीन पॉइंट तीन. केंद्र गेलं तर बावीस पोरांचे सहा महिने पाण्यात आणि क्लासला कुलूप. म्हणजे माझ्या खुर्चीलाही. मालकांनी औरंगाबादहून नव्या आवृत्तीचं खोकं मागवून दिलं.

अप्पांनी खोकं चारी बाजूंनी वाचलं. इंग्रजी कॅपिटल अक्षरं त्यांना रेल्वेनं शिकवली होती.

"आपल्याकडं तीन हाय. हे पाच. चार कुठं गेलं?"

"चार आपण घेतलंच नाही, अप्पा."

"मधलं ठेसन सोडून गाडी पुढं? हे काही मला बरं दिसंना." मग खोक्यावर बोट ठेवून, "अपग्रेड. म्हंजी?"

"म्हणजे वरची पायरी."

"मग खालची पायरी लागंल की तिला. बिनखालची वरची कशावर बसंल?"

मी हसले. डिप्लोमा माझ्याकडे होता.

त्यानंतर पंधरा दिवस अप्पा लाइन क्लिअर देईनात. आज अमावस्या. आज लाईटचा भरवसा न्हाई. आज पोरांची प्रॅक्टिस चालू हाय, रुळावर गाडी असताना रूळ बदलत न्हाईत. एकदा तर नुसतंच म्हणाले, "नवं आल्यावर जुन्यातलं काय ऱ्हाईल, काय जाईल, कुणी सांगावं?" मी चिडले. "अप्पा, सांगते ना मी! तेच शिकून आलेय." जुन्या फ्लॉप्या आता टाकून द्या, असंही मी तेव्हाच म्हणाले होते. त्यांनी त्या हिरव्या झेंडीत गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या.

परीक्षा बुधवारी. मंगळवारी नामांतराच्या प्रश्नावरून बंद पुकारला गेला. एस.टी. नाही, दुकानं नाहीत, पोरं नाहीत. मी क्लासच्या वरच्याच खोलीत राहत होते आणि दुसरी चावी माझ्याकडे होती. म्हटलं, आज अप्पा यायचे नाहीत. खाली उतरले, टेबलावरच पडून असलेलं नवं खोकं घेतलं आणि कामाला लागले.

नव्याला जागा द्यायची तर आधी घर साफ करावं, या विचारानं मी पूर्ण हार्ड डिस्क फॉरमॅट केली. सगळं पुसलं जाईल, पुढे जाऊ का, असं मशीननं विचारलं. मी वाय दाबलं. पोरांची कामं फ्लॉप्यांवर होती, त्यामुळे मला काही वाटलं नाही. मग नवी पहिली फ्लॉपी घातली, मशीन चालू केलं, आणि पडद्यावर एकच वाक्य आलं : ही सिस्टिमची डिस्क नाही, दुसरी घाला. दुसरी घातली. तेच. तिसरी घातली. तेच. पुन्हा पहिली.

मग खोक्यातलं पुस्तक उघडलं. हे आधी करायचं असतं, हे मी पोरांना रोज सांगत होते. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की ही आवृत्ती जुन्या आवृत्तीवरच चढते. मशीनमध्ये आधीची दिसली नाही तर ती चालूच होत नाही.

आधीची मी पुसली होती. तिच्या फ्लॉप्या कपाटात आणि कपाटाची किल्ली अप्पांच्या करगोट्याला. उद्या अकराला परीक्षक. जिनिंगमध्ये वडील हमालांना सांगत असतील, पोरीचं मोठं काम हाय पूर्णेला.

तेवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला. रेघेला रेघ.

"अप्पा, तुम्ही? आज बंद आहे ना?"

"बंद दुकानाला ऱ्हातो. गाडीला न्हाई. चौकात गर्दी होती म्हणून लेट झालो." मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. ते वाक्य त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं.

"पुसलं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं, अप्पा."

ते स्टुलावर बसले. मला वाटलं आता बोलतील. पोरांपुढे नाही, निदान एकटीला तरी वाट्टेल ते बोलायचा त्यांना हक्क होता. पण त्यांनी मशीनवरचं कापड उचलून मांडीवर त्याची चौपदरी घडी केली. मग म्हणाले, "जाऊ द्या. पुसलं ते पुसलं," आणि किल्ली काढली.

हिरवी झेंडी टेबलावर उलगडली. आत जुन्या फ्लॉप्या, एकेक प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"उजवा हात," अप्पा म्हणाले.

मी उजवा हात पुढे केला.

"जुनी, एक नंबर दिली."

"जुनी, एक नंबर मिळाली." मी पुटपुटले.

"मोठ्यानं. गार्डाला ऐकू गेलं पाहिजे."

"जुनी एक नंबर मिळाली!"

"टाका. लाइन क्लिअर."

जुनीनं मशीन जागं झालं. तिच्याच मदतीनं डिस्क पुन्हा फॉरमॅट केली, जुनी आवृत्ती चढवली आणि मग नवीची पहिली फ्लॉपी घातली. या वेळी पडदाभर नवी अक्षरं आली. कुठल्या देशाची अक्षरं, कुठला प्रिंटर, कुठल्या डिरेक्टरीत, एकेक प्रश्न मी वाचायचा, अप्पांना मराठीत सांगायचा, त्यांनी वहीत लिहायचा आणि मगच मी एंटर दाबायचा. मध्येच मशीननं एक कोरी फ्लॉपी मागितली, जुनं परत आणायची वेळ आली तर तिच्यात जपून ठेवायला. मी म्हटलं, "ही नसली तरी चालेल का बघते."

"परतीचं तिकीट हाय ते! बिल्कुल न्हाई सोडायचं."

काढलं परतीचं तिकीट. मग टंकलेखनाचा प्रोग्रॅम चढवला, हिशेबाच्या कोष्टकांचा चढवला. चारच्या सुमाराला काळ्या पडद्यावर नवी आवृत्ती पाच अशी ओळ आली आणि मी खुर्चीवर मागे टेकले. मी हसले, मग थोडी रडले, आणि पुन्हा हसले. वर जाऊन दोघांचा चहा करून आणला. अप्पांनी बशीत ओतून फुंकर मारत प्याला.

"वही तुमी लिव्हा," उठताना ते म्हणाले. "चूक ज्याची, अक्षर त्याचं." आणि पडद्याकडे न बघता गेले.

मी वही घेतली. असल्या नोंदी अप्पा कशा करतात ते बघावं म्हणून मागची पानं उलटली. मी नोकरीला लागण्याच्या चार महिने आधीचं पान होतं. अप्पांचं जाड, रुळासारखं सरळ अक्षर.

'तीन दिवस रजा. घरी मयत.'

खाली, 'हजर. मशीन ठीक.' मग आठ दिवस नुसतं 'हजर. मशीन ठीक.' मग एक लांब नोंद :

'मास्तरांना विचारून सुरुवातीच्या फाईलमध्ये एक ओळ वाढवली. स्वतः टाईप केली. तीन वेळा चुकली. चौथ्या वेळी बरोबर. मशीन बंद करून चालू केलं. बोललं.'

वही तशीच मांडीवर राहिली. हीच ओळ काढू का, म्हणून मी तेव्हा विचारलं होतं. रोज पावणेदहाला अप्पा मशीनला नमस्कार करत नव्हते. उत्तर देत होते.

नव्या आवृत्तीत फाईल लिहायची सोय फार सुंदर होती. एका मिनिटाचं काम.

बुधवारी अप्पा पावणेदहाला आले. चपला, कुलूप, कापडाची घडी, सगळं झालं. पण बटणाला हात लावेनात. बाहेर बावीस पोरं हॉलतिकिटं घेऊन उभी, परीक्षक पानटपरीवर चहा घेत होते.

"आज तुमीच चालू करा, मॅडम."

"मी? माझ्या हातात गोळा कुठंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नाइलाजानं बटण दाबलं आणि लगेच पाठ फिरवून खिडकीची कडी नीट करू लागले. ती कडी नीटच होती. मशीन घरघरलं. टुंग वाजलं.

"अप्पा," मी म्हटलं, "हे काहीतरी म्हणायलंय बघा तुम्हाला."

ते वळले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. अक्षर अक्षर लावत वाचलं, जसं काही पहिल्यांदाच वाचताहेत. बाहेर एका पोरानं दार वाजवलं, "अप्पा, घ्या की आत, लेट व्हायलाय!" अप्पांनी हात वर केला. थांबा.

मग छातीवर हात ठेवून, टपरीपर्यंत काय, दारापर्यंतही जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "शरणार्थ."

त्यांनी वही उघडली, वेळ लिहिली, खाली लिहिलं, 'एक ओळ वाढवली. मॅडमनी.' आणि हिरवी झेंडी घेऊन दार उघडायला गेले.