पिकअपचा मूळ ड्रायव्हर

परीक्षकांनी आमची पिकअप नापास केली, कारण तिचा ड्रायव्हर मूळ नव्हता.

बाकी गाडीत नाव ठेवायला जागा नव्हती. एकोणीसशे एकसष्टची, चारही चाकांना ताकद पोचवणारी. माझे थोरले भाऊ चंद्रहास, म्हणजे दादा, यांनी साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ती चंदगडच्या एका लाकूड ठेकेदाराकडून ओढत आणली आणि गडहिंग्लजला आमच्या अंगणात स्वतःच्या हाताने उभी केली. चेसिस घासली, कमानीचे पाटे तापवून वाकवले, पुढची चाकं जोडणारा दांडा जुन्या बाजारात हिंडून मिळवला. नवा स्क्रूसुद्धा त्यांना खपत नसे. जुन्या वाहनांच्या परीक्षण मंडळाचा बिल्ला मिळाला तर अशी गाडी रस्त्यावर येते, नाही मिळाला तर भंगारात जाते.

परीक्षक पाटोळे गाडीखाली आडवे होऊन आले, मग दादांना सीटवर बसवून त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हे बदललेले आहेत," ते म्हणाले.

"मी मालक आहे," दादा म्हणाले.

"असाल. चाकामागे मूळचाच हवा."

मी हयातभर बातमीदारी केली आहे. लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, दादा-वहिनींच्या घरातच राहतो आणि कचेऱ्यांशी भांडतो. मी विचारलं, "कोणत्या कलमाखाली?"

पाटोळ्यांनी कलम सांगितलं. कलम होतं. अशा वेळी कलम असण्याचाच मला जास्त संताप येतो.

मूळ ड्रायव्हर चंदगडकडच्या तेऊरवाडीचा, गुंडू तेऊरवाडकर. तो जाऊन पुष्कळ काळ लोटला होता. पण त्या बाजूला ड्रायव्हर वारला की त्याचे चांगले राहिलेले भाग काढून, तेल लावून, गोणपाटात बांधून ठेवायची पद्धत आहे. गुंडूच्या बायकोने, पारूबाईंनी, आमच्यापुढे गोणपाट सोडलं. आत त्याचा खोकला होता, खिडकीवर कोपर टेकायची ढब होती, घाटातल्या वळणांची आठवण होती, त्याचं नाव होतं.

"समदं चालू हाय," पारूबाई म्हणाल्या. "हसणं तेवढं अडकतंय. जोडून झालं की लावून द्या घराकडं."

"कुणाला?" मी विचारलं.

"कुणाला म्हंजे? आमच्या मालकास्नी." त्यांनी ओटा सारवायला घेतला होता.

परतीच्या वाटेवर मी दादांशी भांडलो. ते म्हणाले, "अरे, बसवून बघू. नाही बसलं तर काढू." जुनी गाडी दुरुस्त करणारा प्रत्येक माणूस हे म्हणतो.

बसलं. आधी खोकला बसला. त्यासाठी दादांचा काढावा लागला, कारण एका छातीत दोन खोकले राहत नाहीत. मग कोपर, मग वळणं. वळणं आत गेली तेव्हा दादांना कारखान्याचा रस्ता आठवेना. काढलेलं सगळं पाटोळे स्वतः मोजून मंडळात घेऊन जात.

एके सकाळी शैलावहिनींनी अंगणात चहा नेला. दादा लग्न झाल्यापासून बिनसाखरेचा घेत. त्यांनी घोट घेतला, बशी खाली ठेवली.

"बाई, साखर इसरलासा जनू," ते अदबीने म्हणाले.

वहिनींनी साखर आणून घातली. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "भाऊजी, मंत्र्यांना घाम फोडला म्हणून सांगत असता. एका पाटोळ्याचं काही होईना तुमच्याच्यानं?"

मी तसाच मंडळात गेलो.

"माझ्या भावाचे भाग तुमच्या कपाटात का?" मी विचारलं.

"ते जुने भाग झाले."

"जुना क्लच गॅरेजवालासुद्धा परत देतो. काढलेला माल गिऱ्हाइकाचा. तुम्ही कोण ठेवून घेणारे?"

पाटोळे उठले. आत जाऊन वरिष्ठांना विचारून आले.

"तुमचं म्हणणं रास्त आहे," ते म्हणाले. "माल कुटुंबाला परत मिळेल."

मंडळ माझ्यापुढे वाकलं होतं. आमच्या पेपरने ती बातमी पहिल्या पानावर घेतली.

शेवटच्या परीक्षणाला फक्त नाव बसवायचं राहिलं होतं. ते बसल्यावर पाटोळ्यांनी विचारलं, "नाव?"

"गुंडू तेऊरवाडकर."

पाटोळ्यांनी बिल्ला ठोकला. गुंडूने दांडा ओढून चारही चाकं जोडली, वास्तविक रस्ता कोरडा होता. फाटकापाशी वहिनी उभ्या होत्या. मुक्कामाला राहिलेला पाहुणा घरच्या बाईला करतो तसा त्याने त्यांना नमस्कार केला, खिडकीवर कोपर टेकलं आणि चंदगडच्या रस्त्याला लागला. धूर अजिबात नव्हता. दादांनी काम चोख केलं होतं.

पाटोळ्यांनी वहिनींच्या हातात एक पोतं दिलं, मला बघून हसले आणि गेले.

वहिनींनी ते जेवणघरात सोडलं. दादांचं घोरणं वर होतं. त्याखाली दारातून हाक मारायची त्यांची रीत, आणि तळाशी नाव.

"छान भांडलात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पण मागितलंत काय?"

"हक्काचं होतं ते मागितलं."

"हो. आलं ना." त्यांनी एकेक वस्तू पदराने पुसून ताटात मांडली. "आता हे असंच पडून राहिलं तर खराब होईल. तुमची अंगकाठी त्यांच्यासारखीच आहे."

मी म्हणालो, याला कायद्यात आधार लागेल.

"आधी तुमचा खोकला काढावा लागेल," त्या म्हणाल्या. "उजेडाकडे तोंड करा."

मी खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.