सतरा घोडेस्वार आणि बुरूलची टॉर्च

आसिलच्या कपाळावर टॉर्च आली त्या दिवसापासून बुरूलच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गोळी नव्हती.

टॉर्च तशी लहानशीच. रबरी पट्ट्याची, डोक्याला बांधायची. आसिलचा नवरा मेलिस खाणीवर ट्रक चालवतो, तो तिकडून घेऊन आला होता. आसिल म्हणजे बुरूलची धाकटी जाऊ. गल्लीत वर बुरूलचं घर, खाली आसिलचं, मध्ये चार सफरचंदाची झाडं आणि अकरा वर्षांची धुसफूस.

हिवाळ्यात आमच्याकडे वीज चार वाजता जाते आणि तिला वाटलं तर येते. त्यामुळे त्या टॉर्चचं जे कौतुक सुरू झालं ते विचारू नका. आसिल दोन्ही हात मोकळे ठेवून गायीचं दूध काढायची आणि दारावरून जाणारा प्रत्येक जण थांबून बघायचा. कुणाच्या पोराच्या घशात माशाचा काटा अडकला, बोलवा आसिलला. कुणाची मेंढी व्यायला आली, बोलवा आसिलला. नारीन शहराला जाणारी जीप घाटात बंद पडली, तर ड्रायव्हर म्हणे आसिल बरोबर होती म्हणून वाचलो, तिने इंजिनात डोकं घातलं आणि दिवस उगवला. ही बाई जीपमध्ये फक्त लोकर विकायला बसली होती.

"इंजिनात डोकं घातलं म्हणे," बुरूल पीठ मळता मळता म्हणाली. "उद्या विमानात घालेल."

"चांगली वस्तू आहे पण," तिचा नवरा तुर्दू म्हणाला. तुर्दू शाळेचं बॉयलर पेटवतो आणि त्याला कधी गप्प बसावं हे कळत नाही. "आईची तर फार सोय झाली."

बुरूलचे हात पिठातच थांबले. कारण खरं दुखणं तिथेच होतं.

आई म्हणजे काल्बूबू आजी, दोघींची सासू. वय चौऱ्याऐंशी, तीन दात, नजर घारीची. रीतीप्रमाणे ती धाकट्या मुलाकडे राहते, पण सासरे गेल्यापासून दर वर्षी पहिला मोठा बर्फ पडला की त्यानंतरच्या शुक्रवारी ती स्वतः सांगते, हा हिवाळा कुणाकडे काढणार ते. आणि आजी ज्या घरी, त्या घरी सगळं गाव चहाला. त्या घरच्या सुनेला प्रत्येक समारंभात वरची जागा, तिचं बोलणं मोडायची कुणाची टाप नाही. गेले तीन हिवाळे आजी बुरूलकडे होती. यंदाचा निकाल येत्या शुक्रवारी होता, आणि आसिल रोज संध्याकाळी ती टॉर्च आजीच्या कपाळाला बांधून तिला परसातल्या संडासापर्यंत एकटीला जाऊ देत होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला कुणाचा हात न धरता जाता येणं म्हणजे काय असतं, हे बुरूलला कळत होतं. म्हणून तर जास्त जळत होतं.

बुधवारी बुरूल नारीनच्या बाजारात गेली. दोन हिवाळे खपून शिवलेला लोकरीच्या नमद्याचा नवाकोरा गालिचा तिने दुकानदाराच्या पुढ्यात टाकला.

"तुझ्याकडची सगळ्यात मोठी टॉर्च दे."

"कशासाठी हवी, ताई? घर, शेत, प्रवास?"

"जावेसाठी."

दुकानदाराला दोन बायका होत्या की तीन वहिन्या, देव जाणे, पण त्याला लगेच समजलं. त्याने फळीमागून हंड्याएवढी एक वस्तू काढली. वर मूठ, पुढे ताटाएवढी काच. "सरहद्दीवरचे शिपाई वापरतात," तो म्हणाला. "हिच्यासमोर उभं राहू नका. भुवया जातील."

टॉर्च चार्ज व्हायला आठ तास लागत होते आणि वीज दिवसाला पाच तास. म्हणजे बुधवार, गुरुवार घरात टीव्ही नाही, इस्त्री नाही. तुर्दूने मोबाईल लावायला वायर काढली तेव्हा बुरूलने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मोबाईल शाळेत नेऊन ठेवला.

गुरुवारी पाच वाजता अंधार पडला. बुरूल नवीन रुमाल बांधून, टॉर्च दोन्ही हातांनी छातीशी धरून अंगणात आली आणि तिने बटण दाबलं.

खालच्या गल्लीतले सगळे कोंबडे आरवले. आसिलच्या गोठ्यावरचा बर्फ इतका पांढरा झाला की शेजारच्या कुत्र्याने भुंकायचं सोडून मान खाली घातली. बुरूलने झोत आसिलच्या खिडकीवर धरला. पडदा हलला नाही. आतमध्ये आसिल होती, नक्की होती, आणि बघत नव्हती, नक्की मुद्दाम. बुरूलने झोत छपरावर नेला, धुराड्यावर नेला, मग सगळ्या गावाला दिसावं म्हणून समोरच्या डोंगरावर टाकला. तरी पडदा हलेना. तेव्हा तिने चिडून डोंगरभर मोठे, गोल, दिमाखदार फेरे मारले. एक, दोन, तीन.

आसिलने पडदा ओढून घेतला. टॉर्च लाल दिवा दाखवून विझली. बुरूल पाय आपटत घरात आली.

पाऊण तासाने वरच्या बाजूने घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. मग रडणं.

आमच्याकडे कुणी गेलं की पुरुष असेच येतात. घराच्या जवळ आले की घोडे भरधाव सोडतात आणि "हाय रे माझं काळीज" असा टाहो फोडत अंगणात शिरतात. घरच्या पुरुषाने दारात काठी टेकून उभं राहायचं आणि उलट टाहो फोडायचा. तुर्दू चहा पीत होता. टाहो ऐकल्याबरोबर त्याने पेला ठेवला, कोपऱ्यातली काठी उचलली, दारात जाऊन वाकून उभा राहिला आणि रडायला लागला. कोण गेलं हे त्याला माहीत नव्हतं. पण रडत आलेल्या माणसाला दारात विचारायचं नसतं, नाव आत बसल्यावर कळतंच.

सगळ्यात पुढे होता साग्यन मामा, काल्बूबू आजीचा सत्तर वर्षांचा धाकटा भाऊ, समोरच्या डोंगरावर मेंढ्या घेऊन हिवाळा काढणारा. तुर्दू काठी टेकून रडतोय हे पाहिल्यावर त्याची उरलीसुरली आशा संपली आणि तो घोड्यावरून जवळजवळ पडलाच. त्याच्या मागे आणखी सोळा स्वार होते. मामा तुर्दूच्या गळ्यात पडला. तुर्दूला वाटलं, मामांचं कुणी गेलं. मामांना वाटलं, ह्याची आई गेली. दोघं मनापासून रडले.

बुरूलने आतून ऐकलं आणि बाईमाणसाला जे पहिलं सुचतं ते तिला सुचलं, की सतरा माणसं म्हणजे पीठ किती लागेल. ती कोठीच्या खोलीत शिरली.

तेवढ्यात आसिल धावत आली. तिने पाहिलं, दारात भावजी हुंदके देतायत, अंगण घोड्यांनी भरलंय, आणि वहिनी कुठेच नाही. तिला वाटलं, वहिनीच गेल्या. ती आत आली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि मेलेल्या बाईसाठी सुनांनी, जावांनी जसं गायचं असतं तसं गात रडू लागली.

"वहिनी हो वहिनी, कुठे गेलात मला टाकून. तुमच्या शेवया केसासारख्या बारीक, माझ्या दावणीच्या दोरासारख्या. तुमचे गालिचे बघून मी भिंतीकडे तोंड करून झोपायची हो, वहिनी."

कोठीत बुरूल पिठाच्या पोत्यावर हळूच बसली.

"तीन हिवाळे आई तुमच्याकडे, तीन हिवाळे माझा जीव जळला. टॉर्च बांधून मी मुद्दाम तुमच्या दारावरून जायची. काम नसताना जायची. तुम्ही बघावं म्हणून जायची हो."

बुरूलच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांत इतकं गोड तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. बाहेर जाऊन हे थांबवणं म्हणजे पाप झालं असतं.

"कसं होतं तुमचं घर, कसा होता तुमचा हात. पिठाचे बोर्सोक तळलेत तर गाव वासाने यायचं. तेल जरा जास्त व्हायचं, पण..."

कोठीचं दार उघडलं. "कधी जास्त झालं?"

आसिलने वळून पाहिलं. दारात वहिनी उभी, नखशिखांत पिठाने पांढरी.

ती जी किंचाळली, ते ऐकून अंगणातले सतराही जण गप्प झाले. आणि त्या शांततेत फाटकाकडून खोकल्याचा आवाज आला. बर्फातून एक झगझगीत दिवा डुलत डुलत येत होता. दिव्याखाली काल्बूबू आजी होती.

दोन घोडे दोर तोडून पळाले. साग्यन मामा जागीच बसला.

"कोण गेलं?" आजीने विचारलं. "मला कुणी काही सांगतच नाही."

मामा थोरल्या बहिणीकडे बोट करून म्हणाला, "आपा, तू."

"मी?" आजीने क्षणभर विचार केला. "कधी?"

मग तुर्दूने रडून लाल झालेले डोळे पुसले आणि तो बायकोकडे वळला. "बुरूल, तू ती टॉर्च फिरवलीस कशी?"

"कशी म्हणजे? हाताने."

"आडवी, की गोल?"

बुरूल अंगावरचं पीठ झटकू लागली. डोंगरावर फोन लागत नाही, म्हणून तुर्दूने आणि मामांनी खुणा ठरवल्या होत्या. टॉर्च आडवी हलवली तर सामान आलंय, सवडीने या. तीन गोल फेरे म्हणजे माणूस गेलं, असाल तसे या. हे सगळं तुर्दूने तिला सांगितलं होतं, पण तो टॉर्चबद्दल बोलायला लागला की ती कान बंद करायची.

"एरवी तुर्दूची जुनी टॉर्च काजव्याएवढी दिसते," मामा सांगू लागला. "आज सगळा डोंगर उजळला. मी बायकोला म्हटलं, एवढा उजेड लांबच्या नातेवाइकासाठी कुणी करत नाही. ही आपाच. तिला खोकलाही होता. आणि पलीकडच्या मेंढपाळांच्या तिन्ही तळांवर तोच उजेड दिसला, म्हणून हे सगळे."

आलेल्यांना उपाशी पाठवता येत नाही, मग माणूस मेलेलं असो वा नसो. तुर्दूची मेंढी कापली गेली. शेजारणी कढई घेऊन रडत आल्या आणि कढई ठेवून हसत बसल्या. बुरूलची मोठी टॉर्च मेलेली होती, म्हणून मटण वाढायला आजीच्या कपाळावरचाच दिवा. आता वाटणीत प्रत्येकाच्या मानाप्रमाणे ठरलेलं हाड ठरलेल्या माणसाला जायला हवं, आणि आजीची तर सवय, जो बोलेल त्याच्याकडे मान वळवायची. "मामांना कंबरेचं हाड," तुर्दू म्हणाला, की आजी मामांकडे बघायची आणि परातीत काळोख. त्या गडबडीत मामांच्या हातात बरगडी पडली आणि कंबरेचं हाड पलीकडच्या तळावरच्या बावीस वर्षांच्या जावयाला गेलं, जो घाबरून ते मांडीवर घेऊन बसला.

सगळं खाऊन झाल्यावर आजी म्हणाली, "बरं, माझ्यासाठी कोण काय रडलं, ते सांगा."

"आई, हे काय विचारणं," बुरूल म्हणाली.

"मग कधी विचारू?" आजीने दिवा थेट तिच्या तोंडावर धरला. "तू काय म्हणालीस?"

"मी कोठीत होते, आई."

दिवा आसिलकडे वळला. "आणि तू?"

"मी वहिनींसाठी रडले."

"म्हणजे माझ्यासाठी दोन्ही सुनांकडे एक ओळ नाही."

तेव्हा मामाच्या मागून जुमाश मामी पुढे सरकल्या. एवढीशी बाई, घोड्यावर नवऱ्याच्या पाठीला चिकटून आलेली, इतका वेळ कुणाच्या लक्षातही नव्हती. त्या लाजत म्हणाल्या, "माझ्याकडे आहे, आपा. तीन वर्षांपासून तयार करून ठेवलंय. मेंढ्यांमागे बसल्या बसल्या जमवते."

आणि त्या गायल्या. पांढऱ्या रुमालाची नवरी करड्या घोड्यावरून घाट उतरते, नदी तिला वाट देते, असं काहीतरी होतं. आजीच्या कपाळावरचा दिवा थरथरत होता, कारण आजी रडत होती. बुरूल आणि आसिल दाराशी शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि दोघींचे चेहरे एकाच लिंबातून पिळून काढल्यासारखे.

"संपलं?" आजीने विचारलं.

"नाही आपा, अजून चाळीसेक ओळी आहेत. पण त्या घरी आठवतात. इथे लाज वाटते."

"तुझ्याकडे दिवा आहे का गं, डोंगरावर?"

"नाही, आपा. चूल आहे."

आजीने कपाळाचा पट्टा सोडला आणि आसिलच्या हातात दिला. "माझं गाठोडं बांधा," ती म्हणाली. "हा हिवाळा मी जुमाशकडे."

शुक्रवारी दुपारी आसिल बुरूलच्या दारात आली. बोलावलं नव्हतं. बुरूलने काही न विचारता पेल्यात चहा ओतला आणि बोर्सोकचं ताट पुढे सरकवलं. आसिलने एक उचलला, बोटं बघितली, पण तेलाबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिने ओढणीतून शाळेची एक वही आणि पेन्सिल काढली.

"वहिनी, काल मी ऐकवलं ते..."

"शेवयांचं खरं होतं की रडण्याच्या भरात?"

"खरं होतं."

"मग बस." बुरूलने वही आपल्याकडे ओढली. "मामींनी गाण्यात पांढरा रुमाल घेतलाय."

"घोडा घेतलाय," आसिल म्हणाली. "नदीसुद्धा."

"घाट?"

"तोही गेला. सगळं चांगलं चांगलं त्या बाईने आधीच उचललंय. आपल्याला काय ठेवलंय?"

दोघींनी खिडकीबाहेरच्या डोंगराकडे पाहिलं. वरच्या तळातून धुराची बारीक रेघ निघत होती.

"गुडघे," बुरूल म्हणाली. "आईंच्या गुडघ्यांवर तिने काहीच केलं नाहीये."

आसिलने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "सांगा. डाव्यापासून सुरू करू."