थर मोजणारे नामदेवमामा

एसटी राजूरच्या घाटाला लागली की आमचे शेजारी नामदेवमामा बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागतात. लोकांना वाटतं, जप चाललाय. मामा डोंगराचे थर मोजत असतात.

आम्ही घाटाखालचे, संग्रामपूरकडचे. मामांनी नोकरीभर पाणी शोधणाऱ्या साहेबांची जीप चालवली. साहेब दगड फोडायचे, मामा कान द्यायचे. "डोंगर एका दमात नाही झाला बे," ते मला सांगतात. "तापलेला रस आला, पसरला, थिजला. त्याच्यावर दुसरा आला. मधात फुरसत भेटली तिथं माती झाली, ते वरच्या रसानं भाजली. तो पाह्य लाल पट्टा." काळ्या कड्यात खरंच विटेच्या रंगाची रेघ होती. इतक्या वर्षांत मला ती दिसली नव्हती, याची लाजच वाटली.

परवा त्यांच्या मुलीचं, स्वातीचं स्थळ पक्कं करायला आम्ही दोघं घाटावर गेलो. मुलगा मास्तर, स्वातीला पसंत. पोहे आले. मामांनी पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. "विहीर कुठी हाय?" म्हणाले आणि खिशातली हातोडी काढून थेट विहिरीच्या पायऱ्या उतरले.

मुलाचे वडील माझ्याकडे वळले. "काऊन हो, हे नेहमी असेच करतात का?"

"आज जरा कमीच हाय," मी म्हटलं. पोरीचं जमत आलेलं लग्न बाप विहिरीत घालवत होता.

आतून ठकठक ऐकू आली. मग मामा ओल्या पायांनी वर आले. "लाल पट्टा लागला. त्याच्यातून पाणी खाली जात नाही, म्हून वर झरा हाय. उन्हाळ्यात आटते?"

"कमी होते. आटत नाही."

"अन् गोडं?"

"हाव."

"मंग माह्याकडून पक्कं समजा," मामा म्हणाले. मामी जाऊन चार वर्षं झाली, त्यांचं नाव ते कधी काढत नाहीत. तिथं काढलं. "आमच्याकडं खाली नुसता गाळ, पाणी खारं. स्वातीच्या मायनं जन्मभर लांबून गोड्या पाण्याचे हंडे आणले. मी साहेबायसंगं गावोगाव लोकायले पाणी दाखवत हिंडलो. तिले नाही देता आलं."

मुलाची आई आत जाऊन टॉवेल घेऊन आली. "भाऊ, विहिरीवर मोटर हाय. नळ सैपाकघरातच हाय आमच्या."

टॉवेल पायांसाठी होता. मामांनी तो तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.