जनरलसाहेबांची कवळी

माझ्या तिन्ही नवऱ्यांच्या कबरींची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. चौथा केला तर त्याचीही शपथ आत्ताच घेऊन ठेवते. मी खोटं बोलत असेन तर वाटर्लूच्या टेकडीवरचा तो लोखंडी सिंह खाली उतरून माझ्या कोंबड्या खावो. झालं समाधान? मग ऐका.

आमची शेजारीण झेली त्या सकाळी नवऱ्याच्या पोटावर गणवेशाची बटणं लावत होती.

"पोट आत घे, देझिरे."

"घेतलंय."

"मग हे बाहेर आलंय ते कुणाचं?"

तारीख अठरा जून, लढाईचा दिवस. आणि आमच्या मों-ला-पूल गावावर लख्ख ऊन पडलं होतं. हसू नका. लढाईच्या दिवशी आमच्याकडे ऊन पडत नाही हे मलाही कळतं. पण पडलं होतं.

दर वर्षी या दिवशी गावकरी ती लढाई पुन्हा लढतात. नेपोलियनच्या बाजूनं लढायला नुसती रांग लागते. हरणारी बाजू आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरीही. इंग्रज व्हायला मात्र कुणी तयार होत नाही, शेवटी शाळामास्तर आणि ज्यांचे गुडघे दुखतात ते होतात. देझिरे गेली एकोणतीस वर्षं बादशाही गार्डांचा जनरल होता. शेवटी सगळीकडून घेरलेला जनरल, इंग्रज ओरडतात "शरण या!" आणि जनरल छाती काढून गरजतो, "गार्ड मरेल, पण शरण जाणार नाही!" हे झालं शाळेच्या पुस्तकातलं. खरा जनरल नुसता एकच शब्द बोलला होता असं आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. गोठ्यात सकाळी फावड्यानं जे उचलतात ना, त्याचा शब्द. सभ्य माणसं त्याला 'जनरलसाहेबांचा शब्द' म्हणतात. देझिरे आधी वाक्य म्हणायचा, मग थांबायचा. हजार माणसं श्वास रोखून बसायची. मग तो शब्द टाकायचा, आणि टोप्या उडायच्या.

या वर्षी मात्र पंचाईत झाली. गावाचं जुनं म्युझियम म्हणजे कॅफेच्या मागची एक खोली. मेणाचे पाच शिपाई आणि पेंढा भरलेला एक घोडा. झेलीनं तीस वर्षं त्या घोड्याची धूळ झटकली. आता नवं म्युझियम बांधलं, सगळं जमिनीखाली गेलं, भिंती बोलायला लागल्या, आणि म्युझियम न् लढाई दोन्ही सांभाळायला ब्रसेल्सहून मादाम कोलार नावाच्या साहेबीण आल्या.

त्यांनी देझिरेला बोलावून बजावलं, "मस्यू, उद्‍घाटनाला लंडनहून कर्नल येतायत. शाळेची मुलं येतायत. वाक्य म्हणायचं, स्पष्ट म्हणायचं, शेवटच्या रांगेपर्यंत. तो शब्द चालणार नाही. शब्द निघाला किंवा वाक्य अडखळलं, तर पुढच्या वर्षीपासून जनरल मस्यू गिलां."

गिलां म्हणजे आमचा खाटीक. सहा वर्षं त्या टोपीवर डोळा. दुकानात गिऱ्हाइकाला कीमा देता देता म्हणायचा, "देझिरे थकला हो आता. चांगला आहे बिचारा, पण जनरल कसा, मजबूत हवा. आपलं सगळं अजून ओरिजनल आहे!" आणि स्वतःच्या दातांवर नखानं टकटक करून दाखवायचा.

हे टकटक देझिरेच्या काळजात जायचं. कारण त्याचे वरचे-खालचे सगळे दात म्हणजे नीव्हेलच्या डॉक्टर उबेंनी बसवलेली कवळी होती, आणि बारा वर्षांत हे फक्त झेलीला, डॉक्टरला आणि मला माहीत होतं. मला कसं, ते विचारू नका. भिंत पातळ आहे.

लढाई तीनला. सकाळी अकराला गावकऱ्यांसाठी म्युझियम उघडलं, आणि झेली-देझिरे खाली उतरले.

"घोडा कुठाय?" झेलीनं पहिल्या पायरीवरच विचारलं.

"निवृत्त झाला," तिकिटावर बसलेली बेर्नादेत म्हणाली. "आता घोडा भिंतीवर पळतो."

"धूळ कुणाची झटकायची मग?"

"धूळच नाही, झेली. आणि चालत राहायचं हं. इथले दिवे हुशार आहेत, हलणाऱ्यालाच उजेड देतात. उभं राहिलं की विझतात."

एका कोपऱ्यात लढाईचा सिनेमा होता, आणि त्याच्या खुर्च्या तोफेबरोबर हादरायच्या. देझिरे ऐटीत पुढच्या खुर्चीत बसला, जनरल म्हणून. शेजारी झेली. पहिली तोफ उडाली तेव्हा त्यानं "हं!" केलं. दुसऱ्या तोफेला तो हसला. तिसऱ्या तोफेला खुर्चीनं त्याला खालून अशी काही धडक दिली, की त्याचं तोंड उघडलं आणि डॉक्टर उबेंची कवळी धुरातून उडत गेली.

"फेवी," देझिरे अंधारात म्हणाला.

"काय?"

"फेवी, माफे फात!"

दोघं गुडघ्यांवर रांगत खुर्च्यांखाली चाचपडू लागली. मागच्या बायका म्हणाल्या, बघा, जनरल असावा तर असा, सिनेमातसुद्धा आडोसा घेतो.

कवळी मात्र खुर्च्यांखाली नव्हती. ती घरंगळत गेली होती शेजारच्या काचेच्या कपाटापाशी. आता दुसऱ्या कुठल्याही म्युझियममध्ये जमिनीवर कवळी सापडली असती, तर कुणीतरी ती हरवलेल्या छत्र्यांच्या पेटीत टाकली असती. पण आमच्याकडे त्या कपाटात कवळ्याच मांडल्या होत्या! लढाईनंतर रानात पडलेल्या पोरांचे दात उपटून लोकांनी त्यांच्या कवळ्या केल्या, आणि लंडनच्या श्रीमंतांनी त्या मिरवल्या. वरच्या-खालच्या दातांमध्ये स्प्रिंगा असायच्या. त्या इतक्या कडक, की श्रीमंतांना तोंड उघडायला कष्ट नव्हते, मिटायला होते.

बेर्नादेतनं सकाळीच ते कपाट पुसलं होतं आणि दार नीट लावायला विसरली होती. तोफ थांबल्यावर ती आली, बघते तर दार किलकिलं आणि खाली जमिनीवर दात. तिला घामच फुटला. कपाटात किती कवळ्या होत्या ते तिनं कधी मोजलं नव्हतं. तिनं पांढरे हातमोजे घातले, कवळी उचलली, फुंकर मारली, मखमलीवर बाकीच्यांच्या रांगेत ठेवली आणि कुलूप लावून टाकलं.

झेली आणि देझिरे रांगत रांगत बाहेर आली, तेव्हा कपाटासमोर लंडनचे कर्नल वाकून उभे होते. शेजारी गिलां.

"वा!" कर्नल म्हणाले. "ही चौथी बघा. किती जपलीय. कालच केल्यासारखी वाटते!"

"गरीब बिचारा शिपाई," गिलां म्हणाला. "विशीतला असणार. दात बघा ना किती तरुण."

देझिरेनं रुमाल तोंडावर धरला आणि डोळे मिटले.

झेलीनं त्याला जिन्याखाली ओढलं. "जाऊन सांग, 'ते दात माझे आहेत' म्हणून."

त्यानं जोरजोरात मान हलवली.

"का नाही?"

त्यानं गिलांकडे बोट केलं आणि स्वतःच्या बोडक्या हिरड्यांवर नखानं टकटक केल्यासारखं करून दाखवलं. आवाज आला नाही. हेच तर दुःख होतं.

"बरं, वाक्य म्हणून दाखव. दाताशिवाय जमतंय का बघू."

देझिरेनं छाती काढली. "गाढव मवेव, पण फवण जाणाव नाही!"

"गाढव कुठनं आलं लढाईत?"

"गाऽढव!"

"बाई गं," झेली म्हणाली. "गिलां जनरल झालाच म्हणायचा. तू जा रानात, टोपी घाल आणि मी येईपर्यंत तोंड उघडू नकोस. कुणी बोललं तर रागीट बघ. मी आणते दात."

पावणेतीनला ती हातात फडकं घेऊन परत बेर्नादेतसमोर उभी.

"बेर्नादेत, त्या दातांवर धूळ आहे."

"धूळ नाहीये गं इथे. साहेबीणबाईंनी मशीन बसवलंय."

"तीस वर्षं धूळ पाहिलीय मी. मशीन कालचं आहे. तो लंडनचा कर्नल परत येणार आहे भिंग घेऊन."

बेर्नादेतचा चेहरा उतरला. जमिनीवरून दात उचलणारी बाई धुळीबद्दल वाद घालू शकत नाही. तिनं किल्ली दिली. "दोनच मिनिटं. आणि हलत राहा, नाहीतर दिवा जाईल."

झेलीनं कपाट उघडलं. चार कवळ्या रांगेत हसत होत्या. आपली ओळखायला ती क्षणभर थांबली, आणि थांबली म्हणून दिवा गेला. तिनं डावा हात हवेत फिरवला. दिवा आला. उजवा हात आत घातला, तर डावा थांबला. दिवा गेला. मग ती जागच्या जागी नाचायला लागली. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, एक हात कपाटात.

तेवढ्यात जिन्यावरून गिलांचा आवाज, "अरे वा झेलीताई, नाच चाललाय? जनरलसाहेब कुठायत? सकाळपासून बोलत नाहीत कुणाशी. घसा बसला का?"

"घसा राखून ठेवलाय त्यानं," झेली म्हणाली आणि थिजून उभी राहिली. दिवा गेला. काळोखात हाताला लागली ती कवळी तिनं रुमालात गुंडाळली, फडक्यानं कपाट पुसल्याचा आवाज केला, कुलूप लावलं आणि निघाली.

गर्दीतून वाट काढत ती वर रानात पोचेपर्यंत लढाई ऐन रंगात आली होती. धूर, ढोल, शेवटचे गार्ड चौकोन करून उभे, मधे देझिरे, टोपीखाली लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले. लाउडस्पीकरचा माइक त्याच्या कॉलरला. झेली इंग्रजांच्या रांगेतून घुसली.

"बाई, अहो बाई!" शाळामास्तर बंदूक खाली करून म्हणाला. "इथे गोळीबार चाललाय!"

"घाल गोळी! मग तुझ्या आईला सांगते तू कुणाकडून लढलास ते!"

मास्तर बाजूला झाला. झेलीनं गार्डांच्या काखेतून हात घालून रुमाल नवऱ्याच्या मुठीत कोंबला. त्याच क्षणी इंग्रज ओरडले, "शरण या!"

पहिल्या रांगेत मादाम कोलार, शेजारी कर्नल, मागे शाळेची मुलं, आणि बाजूला गिलां, टोपी घालून बघावी तसा डोक्याला हात लावून. देझिरेनं पाठ फिरवली, रुमाल तोंडाशी नेला, न बघता कवळी आत दाबली आणि पुन्हा समोर वळला.

"गार्ड..." तो म्हणाला. स्पष्ट, खणखणीत. शेवटच्या रांगेपर्यंत.

मादाम कोलार हसल्या.

"गार्ड मरे..." आणि इथे स्प्रिंगेला दोनशे वर्षांनी जबडा सापडला. तिनं आधी देझिरेची जीभ चिमटीत धरली, मग तोंड फाटेल एवढं उघडलं. त्या उघड्या तोंडातून, कळवळून, पोटाच्या तळापासून, सगळ्या बटणांसकट, जो शब्द बाहेर पडला तो जनरलसाहेबांचा होता.

तीन बटणं उडाली. उन्हात ते दात असे लखलखले की मुलं डोळ्यांवर हात धरून ओरडायला लागली. शब्द लाउडस्पीकरमधून टेकडीपर्यंत गेला, सिंहावर आपटला आणि परत आला. गावानं तो पुन्हा एकदा ऐकला.

मग टोप्या उडाल्या. बायकांनी छत्र्या फेकल्या. मादाम कोलार पांढऱ्याफटक पडून उठल्या आणि गिलां लगबगीनं त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पण कर्नल त्यांच्या आधी उठले होते. त्यांच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं.

"मादाम," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं ही लढाई शिकवतो. आज पहिल्यांदा पटलं की तो माणूस खरंच हेच बोलला असणार. इतक्या वेदनेनं कुणी खोटं बोलत नाही."

मादाम कोलारनी पदर सावरावा तशी ओढणी सारखी केली. "आमच्या नव्या म्युझियमचं धोरणच आहे, कर्नल," त्या म्हणाल्या. "सगळं अस्सल."

देझिरे मान हलवत होता, तोंड उघडंच. मिटतच नव्हतं. लोकांना वाटलं आवेश अजून उतरला नाही.

पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर तेच उघडं तोंड आलं. गिलां रुसून इंग्रजांत गेला.

झेली सोमवारी अदलाबदल करायला गेली होती, पण कपाटाला नवं कुलूप आणि समोर रांग. तक्रार तरी कशी करणार? यादीत कवळ्या तीन, कपाटातही तीन. देझिरेला डॉक्टर उबेंकडून नवी कवळी करून घ्यावी लागली. जुनी कुठे गेली ते डॉक्टरला कुणी सांगितलं नाही. पण एका रविवारी ते नातवंडांना घेऊन म्युझियम पाहायला आले आणि त्या कपाटापुढे अडकले. हात हलवत, दिवा जाऊ नये म्हणून, चांगली दहा मिनिटं. पाटीवर लिहिलंय, 'अज्ञात शिपाई, १८१५.'

"कोण होता कारागीर, कोण जाणे," ते शेवटी म्हणाले. "पण हात मात्र देवाचा."

आणि खरी स्प्रिंगेची कवळी? ती झेलीच्या स्वयंपाकघरात आहे, साखरेच्या डब्यामागे. हल्ली तिच्या साखरेच्या टार्टच्या कडेला काय सुरेख नक्षी असते! सारख्या अंतरावर, दाबून, चटचट. मादाम कोलार म्युझियमच्या कॅफेसाठी दर शनिवारी सहा टार्ट नेतात आणि विचारतात की हा साचा कुठे मिळतो.

सगळं खरं आहे. फक्त एक गोष्ट मी पदरची घातली, तेवढी कबूल करते. नाहीतर सिंह उतरायचा आणि माझ्या कोंबड्या आत्ताशी कुठे अंडी घालायला लागल्यात.

ऊन नव्हतं. धो धो पाऊस होता, नेहमीसारखा. बायकांनी छत्र्या उगाच आणल्या होत्या का?

पण दात लखलखले. आता पावसात कसे लखलखले, ते मला विचारू नका.