शिवलेलं सातवं प्रकरण

मुलगी कशी वाढवावी हे ज्याला शिकायचं असेल त्यानं पणदऱ्याला यावं आणि माझ्या पशुखाद्याच्या दुकानात दहा मिनिटं बसावं, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. कारण माझी मुलगी उत्कर्षा शाळेतून जे पुस्तक घरी आणते ते तिच्या आधी मी वाचतो. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. असा बाप बारामती तालुक्यात दुसरा दाखवा!

सध्या 'रेवा' मालिका चालू होती. रेवा नावाच्या मुलीची गोष्ट. दर पुस्तकात ती एका वर्षानं मोठी होते. आठव्या वर्षी तिचं बोकड हरवलं, नवव्या वर्षी मैत्रिणीशी अबोला झाला, दहाव्या वर्षी शाळा बदलली, अकराव्या वर्षी तिला नाटकात झाडाचं काम मिळालं. झाडाच्या प्रसंगाला मी गल्ल्यावर रडलो. पेंड न्यायला आलेल्या झुंबरबाईंना वाटलं, आमच्यात कुणी गेलं. त्या पेंड न घेताच परत गेल्या.

शनिवारी पाचवं पुस्तक आलं, 'रेवा बारा वर्षांची'. उत्कर्षानं ते नेहमीसारखं गल्ल्याजवळ ठेवलं. सहा प्रकरणं मजेत गेली. सातव्यात रेवाचं सकाळपासून पोट दुखत असतं. ती खेळायला जात नाही. मग तिच्या फ्रॉकला डाग दिसतो. आई परगावी गेलेली आणि घरात एकटे पप्पा.

मी पुस्तक मिटलं. माझी बायको रेश्मासुद्धा बहिणीच्या बाळंतपणासाठी निमगाव केतकीला गेली होती, ती आणखी आठ दिवस येणार नव्हती. आणि उत्कर्षाला बारावं लागलेलं. हे प्रकरण वाचून ती मला विचारणार, ती सगळंच विचारते. गाभण म्हशीला काय चारावं हे मी झोपेतसुद्धा सांगेन, पण हे? मी घाईघाईनं रेश्माला फोन लावला.

"तू कवा येतीयास?"

"का? काय झालं?"

"काय न्हाय. म्हस दूध कमी देतीया."

"मग मी येऊन काय करू? डॉक्टरला बोलवा." तिनं फोन ठेवला.

आता जे काही करायचं ते मलाच करायचं होतं. पानं फाडावीत तर पुस्तक शाळेचं. पिना मारायला गेलो तर एवढ्या पानांत पिना वाकल्या. शेवटी पेंडीच्या पोत्याचं तोंड शिवायचं मशीन उचललं, सातवं प्रकरण चिमटीत धरलं आणि खर्रर्रकन शिवून टाकलं. अशी टापटीप शिवण मी पोत्यालाही कधी घातली नव्हती.

रविवारी उत्कर्षानं पुस्तक उघडलं.

"पप्पा, ह्ये काय?"

"पानं सुटली व्हती. पक्की केली."

"तुमी वाचलं का समदं?"

"व्हय की. लय भारी हाय."

तिनं शिवणीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मी तिकडं लक्ष दिलं नाही. आपण वाचलो, एवढंच मला कळत होतं.

सोमवारी ती पुस्तक घेऊन शाळेत गेली. मी एका गिऱ्हाइकासाठी पोतं उघडायला घेतलं. धाग्याचं टोक धरून ओढलं, आणि नेहमीप्रमाणे सगळी शिवण एका झटक्यात उसवली. हातातला धागा बघून मला पुस्तक आठवलं. ही शिवण अशीच असते, एक टोक ओढलं की सगळी सुटते. आणि आमच्या गावात घरोघरी म्हशी. सहा वर्षांचं पोरसुद्धा डोळे झाकून ते टोक शोधतं!

अकरा वाजता फोन वाजला. वाचनालय बघणाऱ्या शबीना मॅडम होत्या.

"सोपानराव, जरा शाळेत येऊन जाता का?"

मी गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो होतो. टेबलावर पुस्तक होतं आणि शेजारी पांढऱ्या धाग्याचा गुंता. गावात या धाग्यानं पोती शिवणारं दुकान एकच, माझं.

"हे पुस्तक दोन महिन्यांत चार जणींनी नेलं," मॅडम म्हणाल्या. "आज मुलींनी वर्गात धागा ओढला. तेव्हापासून वहीत पुस्तकासाठी सव्वीस नावं लागलीत. त्यात नऊ मुलगे आहेत."

"चूक झाली, मॅडम."

"तुम्ही हे प्रकरण पूर्ण वाचलंत?"

"दीड पान."

"पुढं रेवाचे पप्पा काय करतात, ते वाचायला हवं होतं."

"मग द्या की. आत्ता हितंच वाचतो."

"द्यायला काही हरकत नाही," त्यांनी वही पुढं ओढली. "सव्विसांच्या नंतर."

दोन दिवस मी भेदरून काढले. उत्कर्षा काही विचारत नव्हती, त्यामुळं जास्तच भीती वाटायची. बुधवारी संध्याकाळी ती दुकानात आली आणि दारातच उभी राहिली.

"पप्पा, दुकान बंद करा. माझं पोट दुखतंय."

"काय खाल्लंस?"

"काय न्हाय खाल्लं."

ती खाली बघत राहिली आणि मला कळलं. मला पळून जावंसं वाटलं. बापानं असं म्हणू नये, पण वाटलं.

"आता काय करायचं असतं?" मी तिलाच विचारलं.

"तुमी म्हनला व्हता, वाचलंय."

"दीड पान वाचलं. मग भ्या वाटलं. तू वाचू नये म्हणून शिवलं."

"मी शुक्रवारीच वाचलं व्हतं, शाळेत." तिचा आवाज बारीक झाला. "रेवाचे पप्पा तिला जवळ बसवून समदं सांगत्यात. आई हितं न्हाय. मला एकटीला भीती वाटत व्हती. तुमी माझं पुस्तक आधी वाचताय, म्हणून घरी आणलं. तुमच्यासाठी."

मी पेंडीच्या पोत्यावर बसलो आणि तिला शेजारी बसवलं. "मला बी लय भीती वाटतीया," एवढंच म्हणालो. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. आम्ही दोघं तसेच घाबरून बसलो. थोड्या वेळानं मला बरं वाटायला लागलं. म्हटलं, जमतंय आपल्याला. त्या रेवाच्या बापापेक्षा आपण काही कमी नाही.

"पप्पा," खांद्यावरचं डोकं न उचलता ती म्हणाली, "मेडिकल आठला बंद होतं. पावणेआठ झाल्यात."