आनंद न होण्याच्या अटीवर

दुःख ही स्थावर मालमत्ता आहे. ते जिथे नोंदवलं तिथेच सापडलं पाहिजे. उचलून इकडेतिकडे नेता येत असेल तर ते दुःख नव्हे, सामान. दीर्घकालीन असमर्थता भत्ता कार्यालयाचा सगळा डोलारा या एका तत्त्वावर उभा आहे, आणि ज्यांची पाठ शाबूत आहे अशा कोणालाही ते तत्त्व आजवर चुकीचं वाटलेलं नाही.

आपल्या गोष्टीतल्या माणसाला सगळे कपाटवाला म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्याने लोकांची कपाटं जिन्याने वर चढवली. एके दिवशी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक कपाट (तीन दारांचं, आरशासकट) उलटलं आणि त्याच्यावर बसलं. आरशाला तडासुद्धा गेला नाही, हे मालक अजून येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. तेव्हापासून कपाटवाल्याला फार वेळ बसवत नाही, फार वेळ उभं राहवत नाही, आणि आडवं पडलं की वरच्या मजल्यावरची शेजारीण म्हणते, मजा आहे बाई एकेकाची. भत्ता मात्र मिळतो. त्यात खोलीचं भाडं आणि गोळ्या भागतात. उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न येत नाही.

अशात अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला आणि त्या गडबडीत तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. ते आता, चौसष्टाव्या वर्षी, एका निवृत्त दंतवैद्याशी ठरलं होतं.

"तू आला नाहीस तर मी सही करणार नाही," अक्का म्हणाली. "आणि येताना तोंड जरा हसरं घेऊन ये. मी काही रोज लग्न करत नाही."

कपाटवाला भत्ता कार्यालयात प्रवासाची परवानगी काढायला गेला. खिडकीमागच्या बाई मनाने चांगल्या होत्या, म्हणून त्यांना त्या खिडकीवर बसवलं होतं. त्यांनी अर्ज चाळला आणि त्या हळहळल्या.

"अहो, लग्न कुठे घालू मी? इथे प्रवासाची कारणं तीनच आहेत. उपचार, अंत्यविधी आणि इतर दुःख. अंत्यविधी असता तर आत्ता सही आणून दिली असती."

"इतर दुःखात घाला," कपाटवाला म्हणाला.

"घालते. पण नवरदेवांना कळू देऊ नका."

परवानगी आली ती आनंद न होण्याच्या अटीवर. ही अट वाचायला कडक वाटते, पण तिच्यामागे मोठी माणुसकी आहे. लाभार्थ्याने खिडकीतून बाहेर पाहायला कार्यालयाची हरकत नाही. फक्त पाहिलेलं आवडता कामा नये. गार वारा लागल्यास तो सोसावा. आइस्क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालतं (एकच चव). सांख्यिकी विभागाच्या पाहणीनुसार शंभरातले एकाहत्तर लाभार्थी प्रवासात चक्क बरे दिसतात. त्यांतले सत्तर घरी येऊन आठवडाभर अंथरुणाला खिळतात, पण अंथरुणं त्या विभागाच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून लाभार्थ्याला चुकून आनंद होऊ नये यासाठी सोबत तपासनीस देतात. त्याचा खर्च भत्त्याच्या कितीतरी पट होतो, यावरून कार्यालयाला लाभार्थ्याची किती काळजी आहे ते दिसतं.

तपासनीस सज्जन होता. त्याने बसमध्ये खिडकीची जागा घेतली, कारण देखावा कितपत सुंदर आहे याची नोंद त्यालाच करायची होती. कपाटवाला थोडा वेळ बसला, तेव्हा त्याने लिहिलं : बसू शकतो. मग पाठीत कळ आली म्हणून कपाटवाला उठला, तेव्हा लिहिलं : उभा राहू शकतो. शेवटी तो मागच्या बाकावर जाऊन आडवा झाला, तर तपासनिसाने थोडा विचार करून लिहिलं : चैनी आहे.

"कळ आली की तोंडाने जरा कण्हत चला," तपासनीस आपुलकीने म्हणाला. "गप्प राहिलात तर मी काय लिहू? माझाही नाइलाज होतो."

कपाटवाल्याने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवय लावून घेतली होती. आता कण्हायची लावायला घेतली.

लग्न नोंदणीच्या दोन खोल्यांच्या कचेरीत होतं. अक्काने निळं लुगडं नेसलं होतं आणि ती इतकी छान दिसत होती की कपाटवाल्याला दारातच भरून आलं. त्याने ते गिळलं. भिंतीला टेकून तपासनीस उभा होता, पेन उघडून. एक हसू आणि भाडं गेलं, गोळ्या गेल्या, हे कपाटवाल्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा केला आणि तो तसाच धरून ठेवला.

अक्का सही करायला वाकली, तिने सहज त्याच्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

"तुला हे लग्न पसंत नाही."

"तसं नाही गं अक्का."

"मग असा का बसलायस, कुणी मेल्यासारखा?"

"दाढ असेल," नवरदेव म्हणाले. चाळीस वर्षं लोकांचे जबडे पाहिलेला माणूस, त्यांना दुसरं काही सुचेना. "जरा आ करा बघू."

अक्काने पेन खाली ठेवलं. "राहू दे. म्हातारपणी थेरं करतेय मी. माझ्या भावाला लाज वाटते तर नको मला हे लग्न."

कपाटवाल्याने तपासनिसाकडे पाहिलं. मग अक्काकडे पाहिलं. याच बाईने त्याला भाकर-तुकडा भरवला होता, शाळेत सोडलं होतं, आणि स्वतःचं तरुणपण ती कुठेतरी ठेवून विसरून गेली होती. तिच्याकडे पाहता पाहता त्याला हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं ते. नवरदेव त्याच्या तोंडात वाकून म्हणाले, "दाढा तर उत्तम आहेत," आणि त्यावर अक्काही हसली आणि हसता हसताच तिने सही केली. मग कुणीतरी गाणं लावलं. अक्काने त्याचा हात धरला आणि कपाटवाला तिच्यासोबत दोन फेऱ्या नाचला. त्याला आनंद झाला. लपवण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

तपासनिसाने लिहिलं : हसला (दात दिसले). नाचला (दोन फेऱ्या, तालात). मग घड्याळ पाहिलं. ड्यूटी संपली होती. त्याने सगळ्यांशी हात मिळवले, जोडप्याला मनापासून शुभेच्छा दिल्या आणि तो गेला.

तो जिना उतरला असेल-नसेल, तोच कपाटवाला कोसळला. पुढचे चार दिवस तो नवदांपत्याच्या घरात जमिनीवर उताणा पडून होता. कूस बदलायची तर एका बाजूने अक्का आणि दुसऱ्या बाजूने दंतवैद्य लावावे लागत. त्यांच्या संसाराची सुरुवात त्याची पाठ शेकण्यात गेली. यातलं काहीही अहवालात नाही. कामाच्या वेळेबाहेरचं दुःख कार्यालय धरत नाही.

तरीही कार्यालय अन्यायी नाही. एका माणसाच्या सांगण्यावरून ते कोणाचा भत्ता तोडत नाही. अशी प्रकरणं एका निःपक्ष नागरिकाच्या मतासाठी पाठवली जातात. नागरिक कुणीही चालतो. त्याची पाठ दुखत नसावी, त्याने लाभार्थ्याला कधी पाहिलेलं नसावं आणि त्याने सगळी हकीकत बसल्या जागी, आरामात वाचलेली असावी. ती आपण आत्ताच वाचलीत. आपल्याला वेगळं काही लिहून पाठवायची तसदी नको. मघाशी, दोन फेऱ्यांच्या ओळीवर, "पण मग नाचला कसा?" असं जे आपल्या मनात येऊन गेलं, तेच आपलं मत म्हणून नोंदवून घेतलं आहे, आणि त्यानुसार भत्ता बंद करण्यात आला आहे.